जुळ्यातली कालवड

आष्ट्याचे गुरांचे डॉक्टर उपाध्ये जनावराला हात लावण्याआधी मालकाला व्याख्यान द्यायचे. "औषध मागून, ज्ञान आधी. आणि शास्त्रात थापा चालत नाहीत," हे त्यांचं पालुपद. ज्ञान फुकट मिळायचं, त्यामुळे कुणीच घेत नसे.

एकदाच घेतलं, आणि तेही आमच्या नशिबी. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आमची कालवड माजावर येईना, उलट इतर गायींवरच चढायची. बाजारच्या दिवशी भर गर्दीत डॉक्टरांनी निकाल दिला, "ही वांझ. दोष हिच्या जुळ्या भावाचा. गाईच्या पोटात दोघांच्या रक्तवाहिन्या जुळल्या, त्याचे हार्मोन हिच्या अंगात गेले. गर्भाशय खुरटलं, आणि मेंदूही जन्माआधीच बैलाच्या वळणावर गेला."

आता माझी बहीण शकू जुळ्यातली, आणि तिचा जुळा भाऊ म्हणजे अस्मादिक! तिचं लग्न मलकापुरात ठरलेलं. डॉक्टरांचं शास्त्र एसटीच्या आधी तिथं पोचलं. "पोरगी बी कालवडीवाणी निघाली तर?" म्हणत सोयऱ्यांनी सुपारी परत पाठवली. तोवर मी नुसता उनाड होतो; आता जन्माआधीपासूनचा गुन्हेगार ठरलो. शकू चुलीपुढून उठेना, कुणाशी बोलेना. माझ्याकडे तर ती बघतही नव्हती, आणि ते मला फार लागलं.

डॉक्टरांना कळलं तसे ते कोट चढवून आम्हाला घेऊन मलकापूरला निघाले. तिथं व्याख्यान झालंच. "गाईचं वेगळं, बाईचं वेगळं. माणसाच्या जुळ्यात तसं होत नाही."

नवऱ्या मुलाचे वडील पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "डाक्टर, तुमी गुरांचं. माणसांचं तुमास्नी काय कळतंय?"

डॉक्टर गप्प बसले. असा चमत्कार आम्ही प्रथमच पाहत होतो. मग खाली बघत म्हणाले, "माझी आई आणि मामा जुळे. मी आईचं पाचवं."

"मग आदी सांगायचं की! घंटाभर गाईचं दळण कशाला दळलं?" सुभेदारांनी लगेच चहा मागवला. लग्न झालं.

चार-पाच वर्षांत डॉक्टर अचानक गेले. मी आणि शकू अंत्यदर्शनाला गेलो, तेव्हा अंगणात त्यांची मावशी बसली होती. मी विचारलं, "मामा आले नाहीत?"

"कुठला मामा रं? आमी सगळ्या बहिणीच," मावशी म्हणाली.

शकू शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, कडेवरची लेक खाली उतरवली आणि तिचा चिमुकला हात डॉक्टरांच्या पायांना लावला.