लाटण्याचा लुअर

सुरुवातीलाच सांगतो, या सदरात लिहिणाऱ्या निम्म्या लोकांना मी थापाडे समजतो आणि उरलेल्यांना भित्रे. पांढऱ्या साडीतली बाई, मागून येणारी पावलं, आपोआप उघडणारं दार... वाचतो, हसतो, सोडून देतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, शिक्षण पुण्यात, नोकरी सिडनीत, घर क्वेकर्स हिलला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. तरी लिहितोय, कारण हे दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही.

मला नाद एकच – नेपियन नदीतला बास. हा मासा खायला पकडायचा नसतो. पकडायचा, बघायचा, परत सोडायचा. त्यासाठी लागतो लुअर, म्हणजे गळाला लावायचा खोटा किडा. उन्हाळ्यात काठावरच्या झाडांवरून सिकाडा, म्हणजे कर्कश ओरडणारे मोठे किडे, पाण्यात पडतात आणि बास खाली टपून असतो. तुमचा लुअर फांदीच्या अगदी खाली, सावलीत पडला पाहिजे. मग हात आवरून थांबायचं... पाण्यावरची वर्तुळं विरली की एकच हलका झटका. हे ज्याला जमत नाही तो महागडी बोट घेतो.

उदाहरणार्थ, माझा मित्र गुरप्रीत. त्याच्या बोटीवर मासे दाखवणारे इतके स्क्रीन आहेत की मासा समोर उडी मारून गेला तरी तो स्क्रीनच बघत बसतो. पण बोट त्याची, त्यामुळे मी गप्प असतो.

आणि दुसरा नमुना म्हणजे माझा मेहुणा मंदार. अनघाचा, माझ्या बायकोचा, एकुलता एक धाकटा भाऊ. ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तर टोकाला, डार्विनच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. लोक त्याच्याकडून स्वतःला कापून घेतात, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. एकदा सिडनीत असताना मी त्याला नेपियनवर नेलं, चार गोष्टी शिकवल्या, आणि तेव्हापासून गडी एक्स्पर्ट! फॅमिली ग्रुपवर रोज फोटो, रोज ज्ञान.

या दिवाळीत तो आमच्याकडे आला, एकदा नेपियनवरही जाऊन आला, आणि जाताना माझा लुअर घेऊन गेला. विचारलं वगैरे काही नाही. तो लुअर मी स्वतः केला होता. अनघाचं तुळशीबागेतलं लाटणं मोडलं, त्याच्या तुकड्यातून सिकाडा कोरला, तिच्या लाल नेलपॉलिशने रंगवला. ते लाटणं कधीतरी गॅसवर भाजलं होतं, तो काळा डाग लुअरच्या पोटावर राहिला. जगात असा एकच लुअर. डार्विनला पोचल्यावर साहेबांचा मेसेज आला – 'जिजू, हा लकी आहे, ठेवतोय.'

डिसेंबरातला शनिवार. सकाळी ग्रुपवर मंदारचा फोटो होता, दोरीला बांधलेला माझा लुअर आणि खाली, 'आज बारामंडी!' बारामंडी म्हणजे तिकडचा भला थोरला मासा, आणि हा शहाणा त्याला बासचा एवढासा लुअर दाखवणार.

दुपारी मी आणि गुरप्रीत बोटीत होतो. पश्चिमेच्या काठावर सावली उतरली होती. माझा दुकानातला लुअर एका आडव्या फांदीखाली टाकला, पहिल्याच झटक्याला बास लागला. चांगला मोठा होता. जाळीत घेतला, तर त्याच्या जबड्यात दोन लुअर. एक माझा दुकानातला, आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक रुतलेला... लाल.

गुरप्रीत वाकून बघत म्हणाला, "अरे, ये तो तेरा बेलनवाला है!"

सोडवून हातात घेतला. पोटावर तोच काळा डाग. मला काय वाटलं असेल? भीती? छे! मला संताप आला. म्हणजे या माणसाने दिवाळीतच लुअर इथे हरवला, आणि आता जुने फोटो टाकून मिरवतोय. खोटारडा. बास पाण्यात सोडला आणि शिव्या घालायला तिथूनच फोन लावला.

बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला. धापा टाकत होता.

"जिजू, बोला लवकर. फोन गाडीत होता, मी पाण्यात उतरत होतो, परत आलो."

"लुअर कुठाय माझा?"

"अडकलाय हो फांदीत. तोच काढायला चाललो होतो."

"मंद्या, थापा मारू नकोस. लुअर माझ्या हातात आहे."

"काहीतरीच काय! मला इथून दिसतोय, लाल लाल."

आता कुठे मला त्याचं पहिलं वाक्य कळलं. "पाण्यात? डार्विनमध्ये? मगरींचा बोर्ड वाचला नाहीस?"

"अहो, गुडघाभर तर आहे. तुम्हीच शिकवलंत ना, अडकला की ओढून तोडायचा नाही, उतरून सोडवायचा."

हे मी नेपियनबद्दल शिकवलं होतं! डार्विनमध्ये शेंबडं पोरसुद्धा खाडीत पाय घालत नाही. मी इतका ओरडलो की गुरप्रीत दचकून खाली बसला.

मग मंदारचा अगदी बारीक आवाज.

"जिजू... फांदीखाली ओंडका होता ना... तो हलला."

"गाडीत बस. आधी गाडीत बस!"

दार बंद झाल्याचा आवाज ऐकला, तेव्हा कुठे मी फोन कानावरून काढला. अनघाला काय सांगितलं असतं मी? पुण्यात तिच्या आईबाबांना कोणी आणि काय सांगितलं असतं?

नंतर ग्रुप उघडला. मी फोन लावण्याच्या जरा आधी त्याने एक फोटो टाकला होता. खाडीवर वाकलेली फांदी, तिच्यावर लटकलेला लाल लुअर. मोठा करून बघितला. पोटावर काळा डाग, त्याच जागी, त्याच आकाराचा. आणि लुअर माझ्या डाव्या हातात, ओला.

संध्याकाळी अनघाला सगळं सांगितलं. ती किचनमध्ये खालीच बसली आणि खूप रडली. मी शिव्या द्यायला फोन केला होता, हेही सांगितलं. ती म्हणाली, "दे शिव्या. रोज दे."

आता हुशार मंडळी म्हणतील, कुणीतरी नक्कल केली असेल. कुणी? अनघाच्या मोडक्या लाटण्याची? भाविक मंडळी म्हणतील, दैवी संकेत. देवाला मंदारला वाचवायचं होतं तर त्याला थोडी अक्कल देणं सोपं नव्हतं का? गुरप्रीतने डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे भासही म्हणता येत नाही. लुअर माझ्या गॅरेजमध्ये आहे. दुसरा त्या फांदीवर असेल किंवा नसेल, बघायला कोणी जाणार नाही.

मंदार सुधारला म्हणाल तर मुळीच नाही. दर शनिवारी खाडीवरून फोन करतो, आणि पाण्यापासून लांब उभं राहून मोठ्या मोठ्या बाता मारतो. मी ऐकतो. मध्येच बोलायचा थांबला तर 'मंद्या?' म्हणून हाक मारतो. बाता संपल्या की विचारतो, "गाडीत बसलास?" तो "बसलो, जिजू" म्हणेपर्यंत मी फोन ठेवत नाही.