किती जणांचं काम थांबलंय?

त्या हॉस्पिटलात बावीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे प्लगकाका म्हणत. कुणी तक्रार घेऊन आलं की पहिला प्रश्न, "प्लग लावलाय का?" निम्म्या तक्रारी तिथंच संपत. एकदा मोठे सर्जनही मान खाली घालून परत गेले होते.

मग हॉस्पिटलनं हे काम आमच्या कंपनीला दिलं. काकांकडचे पासवर्ड काढून घेतले. त्यांच्याकडे उरला एक फोन आणि दारावरची 'संगणक विभाग' ही पाटी. काही अडलं की त्यांनी फोन करायचा, चारशे किलोमीटरवर बसून मी तो घ्यायचा.

"बोल गं लेकी, तुझ्या साहेबलोकांचा मूड कसाय?" अशी त्यांची सुरुवात असे. त्या दुपारी तसं काही नव्हतं.

"ऑपरेशन थिएटरचं लॉगिन अडकलंय. डोकं फुटलेला पेशंट टेबलावर आहे, स्कॅन उघडत नाही."

"वरच्या टीमला पाठवते. किती जणांचं काम थांबलंय, काका?"

हा प्रश्न विचारावाच लागे. उत्तरावर तक्रारीचा नंबर लागे.

"एकाचं. सर्जनचं."

एकाचं म्हणजे चार तास थांबायचं. मी तसं सांगेपर्यंत पलीकडे दाराची काच फुटली. पाटी वाचून पेशंटचे दोन भाऊ आत घुसले होते.

"कॉम्प्युटरवाला तूच ना? भाऊ मरतोय आमचा, आणि तू फोनवर गप्पा हाणतोस?"

"अहो, पासवर्ड माझ्याकडे नाही."

"मग खुर्ची कशाला उबवतोस?"

सलाईनचा लोखंडी स्टँड हाडावर बसला. तो आवाज हेडफोनमधून थेट माझ्या कानात आला. काका कळवळले.

"हात घाल ह्याचा ड्रॉवरमध्ये. मग आठवेल."

ड्रॉवर आपटला. पुन्हा आपटला. दुसऱ्या फोनवरून मी रिसेप्शनला कळवलं. रखवालदार दोन मजले खाली होता. उत्तर बदलायची मला परवानगी नव्हती. समोरचा सांगेल तेच लिहायचं.

"काका, नीट ऐका," मी म्हणाले. "किती जणांचं काम थांबलंय?"

ड्रॉवर तिसऱ्यांदा आपटला.

"सगळ्यांचं," काका म्हणाले. तोंडात रक्त असावं. "अख्खं हॉस्पिटल बंद पडलंय."

तक्रारीला पहिला नंबर लागला, लॉगिन तीन मिनिटांत उघडलं. ती तीन मिनिटं ते दोघे काकांना तुडवत होते आणि काका "उघडतंय, उघडतंय" म्हणत होते.

पेशंट वाचला. भावांना पोलिसांनी नेलं. काकांची तीन बोटं कायमची वाकडी झाली, आणि खोटी माहिती दिली म्हणून नोकरीही गेली.

चौकशीत मला विचारलं, "प्रश्न दोनदा का विचारलात?"

"आवाज नीट येत नव्हता."

रेकॉर्डिंगमध्ये ड्रॉवरचा प्रत्येक तडाखा मोजता येतो. तरी त्यांनी माझं उत्तर तसंच लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी काकांनी मला फोन केला. पाटीचे स्क्रू त्यांनी डाव्या हातानं काढले होते, त्याला तासभर लागला म्हणे.

"पासवर्ड नेले तेव्हाच ही पाटीपण न्या म्हणायला हवं होतं, लेकी," ते म्हणाले. "रोज पुसत बसलो."