मावशीचा काका झाला

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठा असलेला मालकसुद्धा. धाकटी बहीण लग्न होऊन गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा ताईने नखाएवढा एक टॅरेंटुला कोळी पाळायला आणला.

"अगं, मांजर मिळालं नाही का तुला?" बहीण फोनवर किंचाळलीच.

"मांजर पायात पायात करतं. ही आपली गप्प बसते."

पाय आवरून, सगळं जग बघून झाल्यासारखी ती कोपऱ्यात बसायची, म्हणून तिचं नाव पडलं मावशी. ताईने तिचं सगळं रीतसर केलं. पेटी मुद्दाम बुटकी घेतली, कारण मावशी उंचावरून पडली तर तिचं पोट फुटलं असतं. खाली नारळाचा कोरडा भुसा, लपायला सालीचा तुकडा, पाण्याची वाटी रोज घासलेली. कात टाकताना मावशी लोण्यासारखी मऊ व्हायची. तेव्हा तिने न खाल्लेला रातकिडाच तिला कुरतडेल, म्हणून तो आधीच चिमट्याने बाहेर. कामावरून आल्यावर ताई काचेपाशी वाकून विचारायची, "काय गं, बरं आहे ना?" उत्तर येणार नव्हतंच. पण विचारायला कुणीतरी होतं.

मग एकदा कात टाकल्यावर मावशीचं बिनसलं. पाय लांबलचक, पोट सुकलेलं. अन्नाला शिवेना, नुसती काचेवर वरखाली. ताईच्या जिवाला घोर लागला. तिने रजा टाकली आणि पेटीच उचलून रातकिडे विकणाऱ्या दुकानदाराकडे नेली. त्याने भिंगातून पुढचे पाय पाहिले आणि हसत सुटला.

"ताई, तुमची मावशी काका आहे! पायाचे हे बाकदार आकडे बघा, नरालाच येतात. आजारी नाही तो, मादी शोधतोय."

"मग आता?"

"नराचे आता थोडेच महिने राहतात," तो हसू आवरून म्हणाला.

 ताईसाठीही एके काळी एक जण थांबला होता. वडिलांचं आजारपण, बहिणीचं शिक्षण, आणखी थोडं थांब म्हणता म्हणता त्याचा धीर सुटला. त्याला तिने दोष दिला नव्हता. पण या काकाने असं काचेवर डोकं आपटत जावं, हे तिला बघवेना.

दुकानदाराच्या ओळखीत एक लिफ्ट दुरुस्त करणारा विधुर होता, त्याच्याकडे मादी होती. ताई नर घेऊन त्याच्या घरी गेली. त्याने नराला मादीच्या पेटीत सोडलं आणि ती अंगावर धावलीच तर आड घालायला लांब ब्रश हातात धरला. नराने पुढचे पाय भुशावर थरथरवले. थांबला. पुन्हा थरथरवले. आणि तिकडून मादीने हलकेच ताल दिला.

"बोलावतेय," तो कुजबुजला.

 ते दोघं खांद्याला खांदा लावून पेटीवर वाकले होते, हे ताईच्या फार उशिरा लक्षात आलं.

नर सुखरूप सुटला आणि पुढे काही महिन्यांनी सालीखाली शांतपणे गेला. मादीने अंड्यांची पिशवी केली, पण स्वतःच खाऊन टाकली. ते सांगायला त्या लिफ्टवाल्याचा फोन आला होता. "होतं असं कधीकधी," म्हणाला, आणि दोघांनाही फोन ठेवता येईना. नंतर मात्र त्याला फोन करायला काही निमित्त उरलं नाही.

बरेच दिवस ताईने वाट पाहिली. शेवटी एका दुपारी, मेणाची कवळी हातात असतानाच, तिनेच नंबर लावला.

"लिफ्टच्या खड्ड्यात आहे," त्याचा आवाज घुमला. "काही विचारायचं होतं का?"

मादी जेवते का, असं विचारायचं तिने ठरवलं होतं. "नाही," ती म्हणाली. "सहजच केला."

पलीकडे साखळ्या खणखणल्या.

"थांबा हं," तो म्हणाला, "वर येतो."

हातातलं मेण मऊ पडत चाललं होतं. ताई फोन कानाशी धरून उभी राहिली.