लाल पट्टा आणि सख्खे काका

साऱ्या दुबईत दंडाला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका भिणारा माणूस दुसरा नसेल. अल कुसैसहून जुमेरा लेक टॉवर्सपर्यंत ते रोज मला आणि वसईच्या फिलोमिनाला आपल्या गाडीतून ऑफिसला नेत, तेही फुकट. पण परवान्याशिवाय भाड्याने माणसं नेली तर दंड होतो हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि त्यांची झोपच उडाली. लायसन्स गेलं की नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा, मग मुलीची बारावी अर्धवट, इथवर ते पहिल्या सिग्नललाच पोचत. पुढे आमची उजळणी. "पोलिसाने विचारलं, मी कोण?" "काका." "कोणते काका?" "सख्खे!" फिलोमिना गळ्यातला क्रूस चाचपत म्हणायची.

एकदा काकूंनी तिला खिचडीचा डबा दिला. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत वसईतही आहेच. तिने केक भरून तो गाडीतच परत केला. काकांना घाम फुटला. "अगं, हे भाडं झालं! खलास!" तेव्हापासून डब्यांची देवघेव आमच्या जिन्यात होऊ लागली. रस्त्याच्या कडेला बस-टॅक्सीसाठी राखलेल्या लाल पट्ट्याकडे तर ते बघतही नसत. बघण्याचाही दंड असेल अशी त्यांना शंका होती.

आणि एका सकाळी मागून अँब्युलन्स आली. पुढच्या गाड्या पटापट बाजूला झाल्या. आडवे फक्त आम्ही, आणि उजवीकडे तो पट्टा.

"यल्ला काका, चला, बाजूला घ्या!" फिलोमिना ओरडली.

"पट्ट्यात गेलो तर दंड, वाट नाही दिली तरी दंड! करू काय मी?" काका अगदी रडकुंडीला आले होते. मग त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि गाडी पट्ट्यात घातली. अँब्युलन्स निघून गेली.

पुढे मोबाइल वाजला की दंडाचा मेसेज समजून ते दचकत. "बाबा, इट्स ओन्ली अ पिझ्झा ऑफर!" मुलगी सांगायची. एक दिवस तो पिझ्झा निघाला नाही. पट्ट्यात शिरल्याचा दंड आला. लायसन्स शाबूत राहिलं एवढंच.

"अँब्युलन्सचं सांगून अर्ज करा, माफ होईल," मी म्हटलं.

"आणि गाडीत कोण बसलं होतं विचारलं, तर?"

शेवटी मी आणि फिलोमिनाने दंडातला आमचा वाटा लाडवांखाली दडवून डबा वर पाठवला. काका स्वतः जिना उतरून आले. लाडू ठेवून घेतले होते, पैसे तसेच होते. "हे घेतलं की भाडं झालं," ते म्हणाले. "मग तुम्ही माझे कोण लागता?"

आम्ही पैसे परत घेतले.

मुलीची बारावी झाली आणि ते बिऱ्हाड पुण्याला गेलं. फिलोमिनाचं ऑफिस हलल्यापासून मी एकटाच गाडी चालवत जातो. काकांची फार आठवण येते. परवा त्यांचा फोन आला.

"गाडीत कोण असतं रे आता?"

"कुणी नाही, काका."

"बरं झालं. दंडाची भीती नाही." मग म्हणाले, "तरी सांभाळून चालव. आणि पोलिसाने विचारलंच, तर सांग, काका पुण्याला असतात. सख्खे."