उष्टं कोण उचलणार

"वाढ त्याला अजून. फुटतो का बघू."

हे मी ऐकलं तेव्हा मातीत मांडी घालून बसलो होतो. पुढ्यात पत्रावळ, पत्रावळीवर बुंदीचा ढीग आणि भोवती उभी माणसं. निफाड तालुक्यातलं आमचं गाव. पाटलांच्या घरचं लग्न. गावाच्या पंगती उठल्या होत्या. गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यातली माणसं गोठ्याच्या कडेला ताटकळत बसली होती. आता त्या वस्तीला सारे राजवाडा म्हणतात. तेव्हा काय म्हणायचे ते मी इथं लिहीत नाही.

माझी आई टोपलं घेऊन उभी होती. पंगत उठली की पत्रावळींवरचं उष्टं उचलायचं, ते आमच्या वाट्याचं. भात वेगळा काढायचा, पुरीचे तुकडे वेगळे. घरी आणून वाळवायचे. पुढं ते पुरवून पुरवून खायचं.

तेवढ्यात पाहुण्यांतल्या कुणाला तरी गंमत सुचली. ह्या पोराच्या पोटात बुंदी मावते तरी किती? पैज लागली. मला ओढून मध्ये बसवलं. मी खायला लागलो. उपाशी पोराला थांबायचं कळत नाही. पाटलांचा बाळ माझ्याच वयाचा. नवी टोपी घालून ओट्यावर बसला होता आणि टाळ्या पिटत होता.

"भरलं का रं?" एकानं विचारलं.

मी मान हलवली. नाही. भरलं म्हणालो असतो तर वाढणं थांबलं असतं.

गोठ्यामागं जाऊन सगळं ओकलो. आई मागं आली. मारलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि टोपलं डोक्यावर घेता घेता विचारलं, "गोड व्हती का रं?"

तिनं तोवर कणसुद्धा तोंडात टाकला नव्हता.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरली. ताटात काही टाकायचं नाही. आपण टाकलं की कुणाची तरी आई ते उचलते.

शाळा तिसरीत सुटली. मोठा झालो आणि नाशकात आलो, मार्केटात हमाली धरली. कांद्याची गोणी पाठीवर घेतली की बाकीचे हमाल बघत राहायचे. दोघांचं ओझं उचलायचो, दोघांचं खायचो. बाजरीच्या भाकरी, काळ्या मसाल्याचं कालवण, वर कांदा फोडून. बायको थापायची आणि मी चुलीपुढंच बसून खायचो. तव्यावरची भाकरी ताटात येईपर्यंत आधीची संपलेली असायची. ती हसायची. "आवं, चावा तरी!" तिच्या हाताला मी दुसरं कधी काही दिलं नाही. रिकामं ताट दिलं. पुसून लख्ख. तेच माझं कौतुक आणि तेच तिचं.

गावी लग्न असलं की पाटलांचं बोलावणं यायचं. तो बाळ आता बाळासाहेब झाला होता. द्राक्षबागा, गाड्या, बंगला. मला बघितलं की लांबून ओरडायचा, "बकासुर आला रे! जिलबीची परात लपवा!" सगळे हसायचे. मी पण हसायचो. आणि खाऊन दाखवायचो. आता मला कुणी मातीत बसवत नव्हतं, पाटावर बसवत होतं. मला वाटायचं, हा मान आहे. पंगतीत सगळ्यांच्या नजरा माझ्यावर असायच्या. आमच्यातल्या माणसाकडं एरवी कोण बघतं?

मग शरीर थकलं. गोणी सुटली, भूक सुटली नाही. साखर वाढली, गुडघे गेले. रात्री आडवा झालो की श्वास कोंडायचा, बायको बसवून ठेवायची. मुलगा नाशिक रोडला नोकरीला. तो दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वजन उतरल्याशिवाय काही खरं नाही, आणि ते आता नुसत्या पथ्यानं उतरणार नाही. पोट कापून लहान करावं लागेल.

"किती लहान?" मी विचारलं.

"केळाएवढं."

मी उठून चालायला लागलो. मुलगा जिन्यात आडवा उभा राहिला. म्हणाला, "बाबा, मला तुम्ही पाहिजे. तुमचं पोट नको." पोरगं रडत होतं. मी परत फिरलो.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. जखमा एवढ्याशा. दुखलं ते पुढं.

आधी नुसतं पाणी, तेही घोट घोट. मग मुगाचं पाणी, मग ताक, मग खिमटीसारखं पातळ. आहार सांगणारी मॅडम पोरसवदा, बोलायला गोड. म्हणाली, "आजोबा, खावंसं वाटलं की स्वतःला विचारायचं. ही भूक पोटाची आहे की मनाची?"

मी म्हणालो, "मॅडम, आमच्या पिढीला पोटाचीच पुरी झाली नाय. मनाची कधी बघणार?"

ती हळूच म्हणाली, "मनाचीच उरलीय आता. तीच त्रास देईल."

पोरगी खरं बोलली होती. पोटाला भूक लागायची नाही, पण गल्लीत कुणाच्या घरी फोडणी पडली की माझा जीव कासावीस व्हायचा. पंचवटीत भाजी आणायला जायचो तर मिसळीच्या दुकानापुढं पाय अडायचे. आत माणसं रस्सा ओरपत असायची. मी बाहेर उभा, एखाद्याच्या मयतीला उभं राहावं तसा. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचो. कपडे अंगावर लोंबायला लागले, दंडाची कातडी सुटली. ओळखीचे हमाल रस्त्यात विचारायचे, "काय रं, आजार मोठा हाय का?" ज्या अंगाच्या जोरावर ताठ मानेनं जगलो ते अंग गेलं. लोक म्हणायचे, बरं झालं, हलके झालात. हलका झालो खरा. वाऱ्यानं उडून जाईल असा.

पहिली भाकरी खायची परवानगी मिळाली तो दिवस आठवतो. बायकोनं सकाळपासून तयारी केली होती. परातीत पीठ मळताना तिचा हात हलका चालत होता, बऱ्याच दिवसांनी. तव्यावर भाकरी फुगली, तिनं पापुद्रा काढला, वर तूप. "बारीक चावा हां," म्हणाली. मी चावली. पहिला घास उतरला. दुसरा उतरला. तिसऱ्याला मी विसरलो. सवयीनं भराभरा गिळलं. छातीत दगड अडकल्यासारखं झालं. तोंडाला लाळ सुटली. मोरीत धावलो.

परत आलो तेव्हा ती पीठ माखल्या हातानं तशीच बसली होती.

"माझ्या हाताचं आता सोसत नाय तुम्हाला," म्हणाली.

"तुझ्या हाताचं नाय. माझ्या पोटाचं."

तिनं माझ्यापुढचं ताट स्वतःकडं ओढलं. अर्धी भाकरी उरली होती, कुरतडलेली, लाळ लागलेली. तिनं ती मोडली आणि खायला लागली.

आजूबाजूच्या घरांत हे चालतं. नवऱ्याच्या ताटात बायको जेवते. माझ्या घरात कधी चाललं नाही, कारण माझ्या ताटात कधी काही उरलंच नाही. मी ओरडलो, "टाक ते!" ती म्हणाली, "टाकायचं नसतं, तुम्हीच सांगता."

मी सांगतो खरं. आईनं लोकांचं उचललं, आता बायको माझं उचलत होती. त्या दिवशी मला ऑपरेशन करून घेतल्याचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही. वाटलं, त्या रात्रींतच श्वास कोंडून मेलो असतो तर बरं.

मग पाटलांचं लग्नाचं बोलावणं आलं. बाळासाहेबाच्या नातवाचं लग्न. मुलगा म्हणाला, "बाबा, नका जाऊ." बायको म्हणाली, "नुसत्या अक्षता टाकून येऊ." मला जायचं होतं. का, ते तेव्हा कळलं नाही. आज सांगतो. त्या पंगतीत मी कुणीतरी होतो.

लग्न रस्त्याच्या कडेच्या लॉन्सवर. बुफे मांडलेला, पण जुन्या माणसांसाठी आणि व्याह्यांसाठी टेबलं लावून पंगत धरली होती. बाळासाहेबानं मला बघितलं आणि ओळखलंच नाही. मग जवळ येऊन माझ्या पोटावर थाप मारली.

"अरे बकासुरा! पोट कोणी चोरलं तुझं?"

सारे हसले. त्यानं मला हाताला धरून व्याह्यांच्या शेजारी बसवलं. बायको मागं उभी राहिली.

"हा आमचा जुना माणूस बरं का," तो व्याह्यांना सांगत होता. "ह्याच्या लहानपणी आमच्या अंगणात पैज लागली होती. बुंदी खाता खाता ह्याचे डोळे असे बाहेर आलेले! आम्ही हसून हसून लोळलो. आता बघा तुम्ही."

त्याला आठवत होतं. इतकी वर्षं मला वाटायचं मी एकटाच ते घेऊन फिरतोय. तो पण घेऊन फिरत होता. माझी लाज त्याच्या घरातला विनोद होता. लग्नाकार्यात काढायचा, पाहुण्यांना दाखवायचा, परत ठेवून द्यायचा.

मी म्हणालो, "बाळासाहेब, माझं ऑपरेशन झालंय. गोड चालत नाय."

"आमच्या दारात तू कधी नाही म्हणाला नाहीस. आता म्हणतोस?" त्यानं स्वतःच्या हातानं जिलब्या वाढल्या. एका पोरानं मोबाईल धरला. "खा! पाहुणे बघतायत."

मी एक खाल्ली. हो, खाल्ली. जुना माज. पोट केळाएवढं उरलं तरी तो कापला गेला नव्हता. थोड्या वेळात कपाळाला घाम फुटला, छाती धडधडायला लागली. गोड खाल्लं तर होईल म्हणून मॅडमनं सांगितलं होतं तसंच. बाळासाहेबाला वाटलं लाजतोय. त्यानं मूठ भरून आणखी वाढल्या आणि वाढप्याला सांगितलं,

"वाढ त्याला अजून. फुटतो का बघू."

तेच वाक्य. शब्दाला शब्द. मी मान वर केली. म्हाताऱ्या चेहऱ्यात तो टोपीतला पोरगा मला स्वच्छ दिसला.

मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"भरलं," म्हणालो.

जन्मात त्या घराच्या दारात हा शब्द मी उच्चारला नव्हता. तो पुढची जिलबी घेऊन तसाच थांबला. मग हसला, पण हसू जमलं नाही. "एवढं टाकणार? तू? अन्नाचा अपमान करतोस?"

"मी मागितलं नव्हतं. तुम्ही वाढलंय."

"मग ह्याचं काय करायचं?"

"तुम्ही उचला," मी म्हणालो. "तुमच्या घरचं उष्टं माझ्या आईनं लय उचललं. माझं एक ताट तुम्ही उचला."

मोबाईल खाली आला. व्याही ताटात बघायला लागले. पंगत उठायच्या आधी आमच्याकडं कुणी उठत नाही. मी उठलो. बायकोचा हात धरला आणि मांडवातून बाहेर आलो.

फार ताठ चालत आलो असं कुणी समजू नये. रस्त्यावर येताच बाभळीखाली बसलो आणि ओकलो. लहानपणी गोठ्यामागं ओकलो होतो तसाच. बायकोनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "ताट त्यानंच उचललं. मी वळून बघितलं."

खरं बघितलं का मला बरं वाटावं म्हणून बोलली, मी विचारलं नाही.

आता मी ताट घेत नाही. वाटी घेतो. मावेल तेवढं आधीच काढतो, चतकोराचा चतकोर, आणि बाकीची ताजी भाकरी बायकोच्या ताटात जाते. माझ्या आधी तिनं वाढून घ्यायचं. ती पहिले काही दिवस भांडली. मी ऐकलं नाही. फोडणीचा वास आला की अजून डोळ्यात पाणी येतं. कुणी सांगतं, होईल सवय. मला नाही वाटत. गेलेल्या माणसाची सवय होत नाही, तसंच हे.

पण बकासुर म्हणून कुणी हाक मारली तर मी वळत नाही. कुणाच्या अंगणात, कुणाच्या मांडवात, कुणाच्या हौसेसाठी मी पुन्हा खाऊन दाखवणार नाही. भरलं की भरलं म्हणेन, तोंडावर म्हणेन. आणि माझ्यामागं उरेल ते माझं मी उचलेन. माझ्या घरातली बाई कुणाचंही उष्टं खाणार नाही. माझंसुद्धा नाही.