प्रशिक्षणातला गोल

डहाणूच्या प्रशिक्षणात डॉक्टर, सिस्टर आणि मी, फिजिओथेरपिस्ट, एकाच गोलात बसलो. रुग्णाला घरी सोडण्याआधी सगळ्यांचं मत घ्यायचं, असं तिथे शिकवलं. घरातली पहिली पदवीधर मी; कुणी माझं मत विचारणार याचंच मला अप्रूप वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या रुग्णालयात डॉक्टरांनी तलासरीकडच्या, लकवा झालेल्या आजोबांना घरी सोडलं.

मी म्हटलं, "सर, लुळा हात ओढला तर खांदा निखळेल. त्यांना उठवायचं कसं, ते आजींना अजून शिकवायचंय."

"मॅडम, ट्रेनिंग काल संपलं," ते म्हणाले. सिस्टर हसल्या.

मी फाटकापाशी पोहोचले तेव्हा आजी आजोबांना त्याच लुळ्या हाताला धरून जीपमध्ये ओढत होत्या. ते कळवळले.

त्या गोलाचा फोटो अजून ओपीडीबाहेर आहे. त्यात मी बोलतेय आणि डॉक्टर मन लावून ऐकताहेत.