सर्व्हरवरची चालणारी मुलं

आम्ही सांगलीकडची माणसं, आवाज मुळातच चढा. चंदीगडात सगळे ‘जी, जी’ करत बोलतात, त्यामुळे मी नुसता चहा मागितला तरी लोकांना भांडण वाटतं. पण त्या मंगळवारी मी खरंच भांडत होतो.

मी इथल्या एका संशोधन संस्थेत सर्व्हर सांभाळतो. त्यातला एक ताईंचा. ताई म्हणजे लहान मुलांच्या डॉक्टर, मूळ अकोल्याच्या. अर्धं आयुष्य इथं काढलं तरी बोलणं तिकडचंच. ज्या मुलांचे स्नायू हळूहळू निकामी होतात त्यांच्यावर त्यांचं काम. पंजाबातून, हिमाचलातून मुलं यायची. ताई प्रत्येकाला व्हरांड्यातून चालायला लावायच्या आणि व्हिडिओ काढायच्या, दर खेपेला नव्यानं. त्यातली बरीच मुलं आता नाहीत. ताईंनी मुलांच्या आयांना वेबसाइटचे पासवर्ड देऊन ठेवले होते. त्या घरी बसून आपलं लेकरू चालताना बघायच्या. घरात असा व्हिडिओ कुणाकडेच नसायचा. वाकडं चालणाऱ्या पोराचं शूटिंग कोण करतं हो?

तर त्या मंगळवारी इशारा आला. ज्या सॉफ्टवेअरवर ताईंची वेबसाइट चालायची, त्यातच भोक सापडलं होतं. पासवर्ड नाही, काही नाही, जगाच्या पाठीवरून कुणीही आपली फाइल आत टाकावी आणि मग तो सांगेल ते सर्व्हरनं करावं. दुरुस्तीचा पॅचही त्याच दिवशी आला होता. मी तडक साहेबांकडे गेलो. म्हटलं, साइट आत्ताच्या आत्ता बंद करू, पॅच लावू, मग उघडू.

साहेब म्हणाले, “चल रहा है ना? तो छेड़ो मत.” दिल्लीची समिती येणार होती. समिती येऊन जाईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. भिंतींना रंग चालतो, कुंड्या चालतात, सर्व्हरला हात चालत नाही. मी तावातावानं बोलायला लागलो तशा शेजारच्या खोलीतून ताई आल्या.

“अरे बाप्पा, काहून ओरडून राहिला?”

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पण साहेबांपुढे त्यांचंही काही चाललं नाही.

मग मी निदान बॅकअपची डिस्क सर्व्हरपासून काढून कपाटात ठेवायला निघालो. तर स्टोअरवाले आडवे! डिस्क सर्व्हर रूमच्या नावावर चढवलेली, गेटपासशिवाय खोलीबाहेर नेता येणार नाही, आणि गेटपासवर सही करणारे समितीच्या तयारीत. बरं, खोलीतच नुसती वायर काढून ठेवतो म्हटलं, तर साहेब म्हणे दिवा हिरवा दिसला पाहिजे, समिती बघणार. डिस्क तिथंच राहिली, सर्व्हरला जोडलेली. डोकं फिरलं होतं माझं. संध्याकाळी घरी जाताना झिरकपूरच्या ट्रॅफिक जाममध्ये अडकून पडलो होतो तेव्हा गाडीत एकटाच शिव्या घालत होतो.

समितीनं हिरवा दिवा बघितला की नाही, कुणास ठाऊक. ती गेली त्याच दुपारी मी पॅच लावला. साहेबांनी समोसे मागवले. ताई म्हणाल्या, “झालं बाबा एकदाचं. आता पक्कं ना?” मी म्हटलं, पक्कं. मलाही तसंच वाटत होतं.

पण चोर आधीच घरात शिरला होता आणि आम्ही बाहेरून कडी लावली होती. पुढच्या आठवड्यात सकाळी ताईंनी साइट उघडली तर एकही व्हिडिओ लागेना. सगळ्या फाइलींना कुलूप, पडद्यावर खंडणीची मागणी. मी बॅकअपच्या डिस्ककडे धावलो. तीही गेलेली. जोडलेलीच होती ना! मी खुर्चीत बसून रडलो, लपवत नाही. तज्ज्ञ आले, त्यांनी माना हलवल्या. संस्थेनं चौकशी नेमली, ती अजून चालू आहे म्हणतात. आता त्या सर्व्हरची खोली नवी केली आहे, एसीसुद्धा नवा आहे.

महिन्याभरानं हिमाचलातून एक बाई आली. तिचा मुलगा गेल्या हिवाळ्यात गेला. साइट उघडत नाही, पासवर्ड चुकला असेल, म्हणून ती बसनं विचारायला आली होती. ताईंनी तिला हिंदीत सगळं सांगितलं. बाईला कळलं नाही. ती पुन्हा म्हणाली, “बस एक बार दिखा दो जी, वो जिसमें चल रहा है.”

ताई उठल्या. त्यांनी चपला काढल्या आणि व्हरांड्यात जाऊन त्या चालायला लागल्या. पोट पुढे काढून, चवड्यांवर, उजवा पाय बाहेरून फिरवत. केस पिकलेली बाई, पण क्षणभर मला ते पोरच दिसलं.

“नहीं जी,” ती आई म्हणाली, “बायाँ पैर घूमता था.”

ताईंनी पाय बदलला. पुन्हा चालल्या. बाई बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बावरला.

“या दायाँ ही था?”

तिनं ताईंकडे पाहिलं. ताईंना सांगता येईना. त्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या, सवयीनं. असं काही अडलं की त्या मलाच म्हणायच्या, लाव रे जरा त्याचा व्हिडिओ.